कॉलेजातल्या छळाच्या तक्रारीला तीन महिन्यांचीच मुदत का?

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या गाइडलाइन्स आणि त्यामागची राजस्थानातली केस बहुतेकांना माहितीये, म्हणून तिथे थांबत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्यात तक्रार किती दिवसांत करायची अशी अट नव्हती. १९९९ मध्ये दिल्लीतल्या एका विद्यापीठाने या गाइडलाइन्स धरून छळाच्या तक्रारी ऐकायला स्वतःची समिती केली, त्यात मुलींनी-मुलांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी तिचंच उदाहरण दिलं जायचं. २०१७ मध्ये ती मोडली.

मुदतीचा घोळ २०१३ मधला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सरकारने तीन जणांची समिती नेमली, तिने महिन्याभरात रिपोर्ट दिला. कामाच्या जागी होणाऱ्या छळाचं बिल तेव्हा संसदेत अर्ध्या वाटेवर होतं, लोकसभेत आधीच पास झालेलं. समितीने त्यावर स्पष्ट लिहिलं की तीन महिन्यांत तक्रार करायची ही अट काढून टाका. पण पुढच्याच महिन्यात राज्यसभेतही बिल पास झालं आणि अट तशीच राहिली. शेवटच्या घटनेपासून तीन महिने, तक्रार ऐकणाऱ्या समितीने लेखी कारण दिलं तर अजून तीन, त्यापुढे काही नाही. हे मला अजूनही पटत नाही, कारण सांगणारे तेव्हाच सांगत होते.

आणि २०१६ च्या मे महिन्यात विद्यापीठांसाठी वेगळे नियम निघाले तेव्हा तरी सुधारायचं ना, तर तिथेही तेच तीन अधिक तीन. आता बघा, एक सेमिस्टरच सहा महिन्यांचं. पीएचडीच्या मुलीचं काम चार-पाच वर्षं गाईडच्या एका सहीवर अडकलेलं असतं, फेलोशिपच्या कागदांवरही त्याचीच सही, ती तक्रार करणार कधी, तर थिसिस सबमिट झाल्यावर, आणि तोपर्यंत मुदत संपलेली. फर्स्ट इयरला गावाकडून आलेल्या मुलीला तर अशी समिती असते हेच कळायला वर्ष जातं. धोका वाढतो तो अशाच ठिकाणी, जिथे एका माणसाच्या हातात मार्क, सही आणि शिफारस तिन्ही असतात, आणि घरी सांगितलं तर शिक्षण बंद होईल ही भीती असते.

२०१६ च्या नियमांत चांगलंही होतं. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत, आणि सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे नियम लावायचे नाहीत. तरी गेट लवकर बंद करणं हाच उपाय अजून कितीतरी ठिकाणी चालतो, जणू धोका फक्त गेटबाहेर असतो. बलात्काराच्या बहुतेक केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो हे सरकारी आकडे दरवर्षी सांगतात.

समिती असली तरी ती नीट चालते असं नाही. गोव्यातल्या विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या, समितीने घाईघाईत एकामागून एक मीटिंगा घेऊन चौकशी उरकली, त्याला काढलं, आणि मे २०२३ मध्ये कोर्टाने नेमक्या त्या घाईवरून कारवाई रद्द करून प्रकरण परत चौकशीला पाठवलं. चौदा वर्षं! चूक समितीची, आणि त्रास त्या मुलींना. जुलै २०२५ मध्ये ओडिशात बालासोरला तक्रार करूनही दाद न मिळालेल्या विद्यार्थिनीचा जीव गेला, तेव्हा तिथल्या समितीवर परत प्रश्न उठले.

त्यानंतर दोनच महिन्यांत मुदतीचा मुद्दा थेट समोर आला. कोलकात्यातल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतीत नाही म्हणून कोर्टाने फेटाळणं कायम ठेवलं, पण त्याच निकालात सांगितलं की हा निकाल कुलगुरूंना स्वतःच्या बायोडेटात लिहावा लागेल. प्राध्यापिकेची ही गत, तर विद्यार्थिनीचं काय.

एक गोष्ट मात्र मुलींना कुणी सांगत नाही: ही तीन महिन्यांची अट समितीपुरती आहे, पोलिसांत एफआयआर द्यायला ती लागत नाही.