मुकडेनमध्ये ‘लढू नका’ हा हुकूम कोणाचा?

18 सप्टेंबर 1931 च्या रात्री जपानी सैन्याने ईशान्य चीनच्या मांचुरियातील मुकडेन (आजचे शेनयांग) येथील चिनी छावणीवर हल्ला केला. संख्येने कितीतरी जास्त असूनही चिनी सैनिक मागे हटले. ‘चँग कै-शेकने तार करून लढायला मनाई केली, बिचारा झांग श्वेलियांग काय करणार?’ ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. चँग हा नानजिंगमधील चिनी सरकारचा प्रमुख, तर झांग मांचुरियाचा सेनानी आणि शासक.

ती टिकत नाही. चँगने ऑगस्टमध्ये पाठवल्याचे सांगितल्या जाणाऱ्या तारेची मूळ प्रत आजवर सापडलेली नाही; तिचा आधार नंतरच्या आठवणी. उलट 6 सप्टेंबरची झांगची स्वतःची तार उपलब्ध आहे: जपान्यांनी कितीही डिवचले तरी संयम ठेवा, प्रतिकार करू नका. हल्ल्याच्या रात्री झांग बेइपिंगमध्ये (आजचे बीजिंग) होता, तर चँग जहाजाने जियांगशीकडे निघाला होता. चँगला बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी. पुढे नव्वदीत पोहोचलेल्या झांगने मुलाखतींत स्वच्छ सांगितले की हुकूम आपलाच होता. जपान युद्धाला निमित्त शोधतोय, ते मिळू द्यायचे नाही, असा त्याचा हिशोब होता.

मग ही कथा रुजली कशी? 1936 मध्ये शिआनला याच झांगने चँगला कैद करून जपानविरोधी आघाडीसाठी भाग पाडले आणि त्यापायी पुढची कित्येक दशके नजरकैदेत काढली. अशा माणसावर मांचुरिया गमावल्याचा ठपका ठेवणे लोकांना जड गेले.

पण चँगही सुटत नाही. ‘आधी अंतर्गत बंदोबस्त, मग परकीय शत्रू’ हे धोरण त्याचेच होते. हल्ल्यानंतरही नानजिंग सरकारने प्रतिहल्ल्याऐवजी राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) दाद मागितली.