प्रेमात आडवं कोण येतं? ‘रोमँटसी’मागची जुनी गोष्ट

पणजी-मडगावच्या पुस्तकांच्या दुकानांत कॉलेजच्या मुली सध्या ज्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या उचलतात, त्यांच्या मुखपृष्ठावर बहुधा तलवार, मुकुट नाहीतर ड्रॅगन असतो आणि आत असते प्रेमकथा. या प्रकाराला ‘रोमँटसी’ म्हणतात. सारा जे. मास यांच्या परीराज्याच्या मालिकेतला पहिला भाग २०१५ मध्ये आला, रेबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ २०२३ मध्ये. टिकटॉकवरच्या वाचकांनी हा प्रकार डोक्यावर घेतला. भारतात टिकटॉक २०२० मध्येच बंद झालं, तरी इन्स्टाग्रामच्या रीलमधून ते वारं इथंही पोचलं. घरातली थोर मंडळी विचारतात, हे काय नवीन खूळ?

खूळ म्हणा हवं तर, पण नवीन म्हणू नका. मराठी कादंबरी बाळसं धरू लागली ती याच वेषात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, संकटं, चमत्कार आणि शेवटी मीलन, असा सगळा मामला. रिसबुडांनी प्रस्तावनेत याचं कारणही सांगून टाकलं आहे, आणि मला ती प्रस्तावना कादंबरीपेक्षा जास्त आवडते. त्यांचं म्हणणं असं: आपल्यातल्या लग्नाच्या चालीरीती आणि इतर काही कारणांमुळे आपल्या आयुष्यात चित्तवेधक असं काही घडतच नाही, रोज दिसतं ते लिहिलं तर पुस्तक रंजक होणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. बोलणं रोखठोक होतं. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होत असेल तर लग्नाआधीचं प्रेम लिहायचं कुठे? मग ते कुणी कधी न पाहिलेल्या राज्यात नेऊन ठेवायचं.

हे सगळ्यांना पटलं नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्येच नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांवर निबंध लिहून असल्या असंभाव्य कथांवर टीका केली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी पुण्यातल्या घरांत आणली आणि अद्भुताची प्रतिष्ठा गेली. लोकप्रियता गेली नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ त्यानंतरची, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. सिंहगडावर कड्यावरून पडून कमरेखाली अधू झालेल्या या माणसाने अंथरुणावर पडल्या पडल्या वाचन केलं आणि मग लेखन सुरू केलं.

गोव्यात हे वाचन पोचलं ते उशिरा आणि वेगळ्या वाटेने. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आलं, हिंदूंना संस्था काढायची मोकळीक मिळाली, आणि गावोगावी मराठी शाळा व वाचनालयं उभी राहू लागली. मुंबई-पुण्याची पुस्तकं त्यांच्या कपाटांत आली. पण गोव्याची प्रेमकादंबरी त्याआधीची आहे, फक्त ती मराठीत नव्हती. नावेलीच्या फ्रान्सिस्को लुईश गोमिश यांनी १८६६ मध्ये पोर्तुगीजमधून कादंबरी लिहिली. तिच्यात प्रेमाच्या आड येतात ते जात आणि वर्ण. आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत तर ‘रोमान्सी’ नावाचा प्रकारच होता: राजे, चाचे, कपटी सरदार, हेर, सुंदर नायिका. शिवोलीचे रेजिनाल्ड फर्नांडिस यांनी शंभरावर रोमान्सी लिहिल्या आणि वाचकांनी त्यांना ‘रोमान्सिंचो पातशाय’, म्हणजे रोमान्सींचा बादशहा, ही पदवी देऊन टाकली. मुंबईत खलाशी, आचारी, बटलर म्हणून राबणाऱ्या गोंयकारांनी ही पुस्तकं वाचून वाचून झिजवली. आम्ही मराठी वाचणाऱ्यांनी लिपी वेगळी म्हणून तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हा आमचा कोतेपणाच.

इकडे मराठीत ना. सी. फडके आले. ‘जादूगार’ १९२८ ची, ‘दौलत’ १९२९ ची. तोवर मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या; नायक-नायिका भेटायला आता मंतरलेला महाल लागत नव्हता, टेनिस कोर्ट पुरत होतं. रिसबुडांची अडचण मिटली आणि प्रेम व अद्भुत यांची फारकत झाली. अद्भुत गेलं मुलांच्या पुस्तकांत आणि भयकथेत. प्रेम राहिलं सामाजिक कादंबरीत, पुढे पॉकेट बुकात. तिथे त्याला हिणवलंही गेलं. काकोडा गावाचं नाव आडनावात वागवणाऱ्या चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. ती अश्लील नाही हे ठरायला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

मोठ्या माणसांसाठी अद्भुत आणि शृंगार एकत्र राहिले ते फक्त पुराणाच्या आश्रयाला. ‘ययाती’ (१९५९) पाहा: शाप, संजीवनी विद्या, मुलाकडून मागून घेतलेलं तारुण्य, दोन स्त्रिया. देवयानी-शर्मिष्ठेच्या जागी परकी नावं घाला, आजच्या कुठल्याही रोमँटसीच्या फळीवर ती खपेल. आमच्या शेजारच्या शिरोड्यात अनेक वर्षं मास्तरकी केलेल्या खांडेकरांना हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे.

आता उलटा प्रश्न. आज मुलंमुली मोकळेपणाने भेटतात, मग प्रेमकथा परत ड्रॅगनवर का चढली? माझ्या मते, अडथळा हवा म्हणून. आडवं कुणीच येत नसेल तर चारशे पानं भरायची कशी? ‘फोर्थ विंग’मध्ये नायिकेची आई सेनापती आहे आणि त्या राजवटीने नायकाच्या वडिलांना बंडखोर म्हणून ठार मारलेलं आहे. इतका भक्कम अडथळा फोनवर जुळलेल्या प्रेमात कुठून आणणार? ती कादंबरी मला निम्मी आवडली. युद्धशाळेचा भाग पकड घेतो, ड्रॅगनना नायकापेक्षा जास्त स्वभाव आहे. प्रेमाची पानं मात्र फार लवकर एकसुरी होतात. मास यांच्या पहिल्या भागाचंही तेच: परीराज्य झकास, संवाद सपाट.

गोव्यात खरे अडथळे संपलेत असंही नाही. जात आहे, धर्म आहे, वाटणी न झालेलं घर आहे, आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नासाठी काही दिवसांच्या अंतराने दोनदा सही करावी लागते, त्या पहिल्या नि दुसऱ्या सहीच्या मध्ये सगळ्या गावाला खबर लागते. बा. भ. बोरकरांनी ‘भावीण’ १९५० मध्ये लिहिली तेव्हा देवळाला वाहिलेल्या बाईचं जगणं कादंबरीत आणलं. त्या धाटणीचं आज मराठीत इथे थोडंच लिहिलं जातं, म्हणून वाचणारी मुलगी इंग्रजीकडे वळते. अद्भुताचीही ददात नाही. हातात दांडा घेऊन रात्री गावाची शीव राखणारा देवचार प्रत्येक वाड्यावरच्या आजीला ठाऊक आहे. तो नायक झालेली प्रेमकादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. कुणी लिहिली तर पहिली प्रत मी विकत घेईन.