वॉल्व्ह हृदयात, धोका मेंदूला: सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

वॉल्व्ह म्हणजे हृदयाची झडप. ती बदलण्याच्या ऑपरेशनआधी नातेवाइकांची सही घेतात, त्या कागदावर रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाच्या जोडीला ‘पक्षाघात’ हाही शब्द असतो. नागपुरात धंतोलीतलं खासगी हॉस्पिटल असो की सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी, हा धोका सांगावाच लागतो. चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून नागपूरला आलेली माणसं त्या शब्दापाशी थबकतात. ऑपरेशन छातीचं, मग लकवा कसा काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सहीच्या घाईत दोन वाक्यांत उरकलं जातं, म्हणून ही पार्श्वभूमी.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघालेलं रक्त महाधमनीत जातं. महाधमनी वर चढते, कमानीसारखी वळते आणि त्या वळणावरच डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या फुटतात. शरीर विश्रांतीत असताना हृदयाने फेकलेल्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा एकट्या मेंदूकडे जातो. त्यामुळे मायट्रल (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) किंवा एऑर्टिक (महाधमनीच्या तोंडाशी असलेली) झडपेपाशी जे काही सुटं होईल, मग तो हवेचा बुडबुडा असो, कॅल्शियमचा कण असो की रक्ताची गुठळी, त्याला डोक्याची वाट मोकळी असते. एवढीशी गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली की माणसाची वाचा जाऊ शकते.

माणसाच्या शरीरात पहिली कृत्रिम झडप बसवली ती अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हफनेजल यांनी, 1952 साली. पण ती हृदयात नव्हतीच. हृदय उघडून काम करायचं तर तेवढा वेळ रक्ताभिसरण चालवणारं यंत्र हवं, आणि ते तेव्हा हाताशी नव्हतं. म्हणून त्यांनी छातीतून खाली उतरणाऱ्या महाधमनीत, मेंदूच्या धमन्या फुटतात त्याच्या पुढे, पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप बसवली. हृदयाचा भार त्याने थोडाच हलका होई. पण त्या झडपेवर गुठळी झालीच तर ती खालच्या अंगाकडे जाई, डोक्याकडे नाही. पुढच्याच वर्षी, मे 1953 मध्ये, जॉन गिबन यांनी अशाच यंत्रावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि झडप तिच्या खऱ्या जागी बसवण्याचा मार्ग खुला झाला. मेंदूवरचं संकटही तिथूनच सुरू झालं.

पोर्टलंडचे तरुण सर्जन अल्बर्ट स्टार आणि निवृत्त इंजिनिअर लॉवेल एडवर्ड्स यांची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. एडवर्ड्स 1958 मध्ये स्टार यांच्याकडे आले ते अख्खं कृत्रिम हृदय बनवण्याची कल्पना घेऊन. आधी एक झडप तरी बनवून पाहू, असं स्टार म्हणाले. कुत्र्यांवर केलेले सुरुवातीचे प्रयोग फसले ते गुठळ्यांमुळेच: झडपेच्या कडेने रक्त गोठत जाई आणि झडप बंद पडे. अखेर पिंजऱ्यातल्या चेंडूचा आराखडा टिकला. ऑगस्ट 1960 मध्ये त्यांनी एका तरुण स्त्रीला मायट्रल झडप बसवली. ऑपरेशन चांगलं झालं, ती शुद्धीवर आली, आणि काही तासांनी अचानक दगावली. हृदयात राहून गेलेल्या हवेने तिचा घात केला होता. झडप व्यवस्थित चालत होती. पुढच्याच महिन्यात झडप बसवलेला रुग्ण मात्र कित्येक वर्षं जगला, आणि वैद्यकाच्या इतिहासात मुख्यतः त्याचीच नोंद राहिली. मला ती पहिली स्त्री जास्त महत्त्वाची वाटते. आज ऑपरेशन संपवताना हवा काढण्यासाठी जो वेळ दिला जातो, त्याचं मोल अशाच मृत्यूंनी शिकवलं.

तो वेळ कसा जातो, हे जवळून पाहण्यासारखं आहे. नवी झडप टाके घालून बसली की हृदय शिवून बंद करतात, पण मशीन लगेच काढत नाहीत. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली झुकवतात, म्हणजे उरलेली हवा वर, डोक्यापासून लांब राहील. भूलतज्ज्ञ फुफ्फुसं फुगवतात, त्यामुळे फुफ्फुसांच्या शिरांत दडलेले बुडबुडे पुढे येतात. महाधमनीत खुपसलेल्या सुईतून ते ओढून घेतले जातात. अन्ननलिकेतून आत सोडलेल्या इकोच्या पडद्यावर ही हवा पांढऱ्या ठिपक्यांसारखी भिरभिरताना दिसते. ठिपके विरळ होईपर्यंत सगळे थांबतात. बऱ्याच ठिकाणी छाती उघडी असताना तिथे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. हा वायू हवेपेक्षा रक्तात लवकर विरघळतो, म्हणून त्याचा बुडबुडा कमी घातक ठरतो.

मशीनकडूनही नुकसान होत होतं. 1964 साली ब्लॅक्ली या मनोविकारतज्ज्ञांनी स्टार यांच्याच सोबतीने हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमावस्थेबद्दल लिहिलं: ऑपरेशन ठीक, पण दोन-चार दिवसांनी रुग्ण बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, नळ्या उपटू लागतो. आजही आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना हे पाहून धक्का बसतो. बहुतेकांची ही अवस्था काही दिवसांत ओसरते. त्या काळच्या यंत्रांत रक्तातून थेट ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत. नंतर पातळ पडद्यातून ऑक्सिजन देणारी यंत्रं आली, रक्त परत शरीरात जाण्याआधी गाळणी बसली, आणि ऑपरेशनच्या टेबलावरचा धोका खूप कमी झाला.

पण विदर्भातल्या रुग्णासाठी खरी जोखीम टेबलावरून उतरल्यावर सुरू होते, असं मला ठामपणे वाटतं. श्रीमंत देशांत वॉल्व्ह बदलावा लागतो तो मुख्यतः म्हातारपणी कॅल्शियम साचून आखडतो म्हणून. आपल्याकडे अजूनही मोठं कारण आहे ते लहानपणचा घसा. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप झडपा कुरतडतो आणि विशी-तिशीत मायट्रल झडप निकामी होते. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत वाढलेली ही मुलं-मुली. मायट्रल अरुंद झाली की हृदयाचा डावा वरचा कप्पा (कर्णिका) फुगतो, ठोके अनियमित होतात आणि तिथे रक्त साचून गुठळी होते. म्हणजे कित्येकांच्या मेंदूला धोका वॉल्व्ह बदलण्याच्या आधीपासूनच असतो.

वय कमी, म्हणून धातूचा वॉल्व्ह. तो वर्षानुवर्षं टिकतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने अनेक फसलेल्या आराखड्यांनंतर बनवलेला भारतीय वॉल्व्ह 1990 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. त्याने खर्च आवाक्यात आला. रात्री खोली शांत झाली की धातूच्या वॉल्व्हची टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. धातूवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी 1994 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की गोळी न घेणाऱ्या 100 जणांत वर्षाला सुमारे 4 जणांना मोठी गुठळी अडकते. गोळी घेतली तर हे प्रमाण सुमारे 1 वर येतं.

गोळीची मात्रा ठरते आयएनआर तपासणीवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आकड्यावर. मायट्रल जागी धातूचा वॉल्व्ह असेल तर आकडा साधारण 2.5 ते 3.5 मध्ये लागतो. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर मेंदूत रक्तस्राव. हिवाळ्यात पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी रोज ताटात येऊ लागली की त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे आकडा घसरू शकतो. भाजी बंद करण्याची गरज नसते. वर्षभर प्रमाण सारखं ठेवायचं आणि बदल झाला तर तपासायचं. गावातल्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी किंवा अँटिबायोटिकही हे गणित बिघडवते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे गरिबाचं ऑपरेशन होतं. पुढची तीस-चाळीस वर्षं दर महिन्याला तपासणी कुठे आणि कोणाच्या पैशाने करायची, हा प्रश्न मात्र भामरागड किंवा धारणीच्या माणसाने एकट्याने सोडवायचा असतो. याची मला मनापासून चीड येते, कारण टाळता येण्यासारखे लकवे इथेच होतात.

जगाचं लक्ष दरम्यान दुसरीकडे वळलं. 16 एप्रिल 2002 रोजी फ्रान्समधल्या रुआं शहरात अ‍ॅलन क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीवाटे एऑर्टिक वॉल्व्ह बसवला. हीच टावी, जी आता नागपुरातही होते. जुनी, चुन्यासारखी कडक झालेली झडप आतल्या आत चेपून नवी उघडायची, तेव्हा तिचे कण सुटणारच. 2011 मध्ये जाहीर झालेल्या, टावीची उघड्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या पार्टनर नावाच्या चाचणीत महिनाभरात मोठ्या पक्षाघाताचं प्रमाण टावीत 3.8 टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेत 2.1 टक्के आढळलं. त्याच सुमारास एमआरआय केल्यावर टावीच्या बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत नवे बारीक डाग दिसले, बाहेरून काहीच लक्षण नसताना. पुढे साधनं सुधारली, अनुभव वाढला. 2019 च्या तिसऱ्या पार्टनर चाचणीत कमी जोखमीच्या रुग्णांत टावीचं प्रमाण 0.6 टक्के, शस्त्रक्रियेचं 2.4 टक्के निघालं.

कण गाळण्यासाठी मेंदूच्या धमन्यांत जाळी ठेवण्याची युक्तीही आली. 2017 च्या चाचणीत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या जाळीत कण सापडले, तेव्हा फार आशा वाटली. पण 2022 मध्ये 3000 रुग्णांच्या आणि 2025 मध्ये ब्रिटनमधल्या 7600 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत निम्म्या जणांना जाळी वापरून पाहिली, तरी एकूण पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत. ब्रिटनच्या चाचणीत प्रमाण जाळी असताना 2.1 आणि नसताना 2.2 टक्के होतं. त्यामुळे महागड्या जाळीचा आग्रह धरण्याआधी रुग्णाने डॉक्टरांना नीट विचारावं.

धातूच्या वॉल्व्हसाठी तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांचीही आशा होती. त्यातल्या डॅबिगॅट्रानची चाचणी 2012 मध्ये मध्येच थांबवावी लागली: नव्या गोळीवरच्या 5 टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, वॉरफॅरिन या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर एकालाही नाही. एपिक्साबॅन या दुसऱ्या नव्या गोळीचीही चाचणी 2022 मध्ये अशीच थांबली. म्हणून कोणी ‘नवीन गोळीला तपासणी लागत नाही’ म्हणून गोळी बदलून दिली, तर आपला वॉल्व्ह धातूचा आहे हे तिथल्या तिथे सांगावं.

घरात वॉल्व्ह बदललेलं कोणी असेल आणि त्याचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर तेल चोळत बसू नका. मीठ-साखरेचं पाणी तोंडात ओतू नका. 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि रक्त फार पातळ असेल तर ते देता येत नाही. मग गुठळी नळीने ओढून काढता येते का ते पाहतात. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. वॉल्व्हचं कार्ड, आयएनआरची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. शेवटची रक्त पातळ करायची गोळी कधी घेतली, हे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांतच विचारतील.