बाळाचा पहिला वाढदिवस: फोटोची वेळ ठरवण्याआधी एवढं वाचा

आमच्या स्टुडिओत पहिल्या वाढदिवसाचं बुकिंग करायला येणाऱ्या बहुतेक घरांचं म्हणणं एकच असतं : "कार्यक्रम सातचा आहे, तुम्ही साडेसहाला या." पत्रिकेत सात छापलेलं असतं. पण आपल्याकडे सातच्या आमंत्रणाला माणसं कधी जमतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. काका दुकान बंद करून येणार, पाचोऱ्याहून मामांची गाडी यायची असते, आत्या आल्याशिवाय केकला हात लावायचा नसतो. साडेआठ होतात, नऊ होतात. मग ज्याचा वाढदिवस त्याला केकसमोर आणलं जातं, तेव्हा ते आईच्या खांद्यावर गाढ झोपलेलं असतं.

"पोऱ्या झोपी गया ना भाऊ," आजी आम्हाला सांगतात. पुढचं चित्रही ठरलेलं आहे. कोणी गालाला ओला हात लावतं, कोणी खुळखुळा वाजवतं, कोणी मोबाइलवर गाणं लावून कानाशी धरतं. बाळ उठतं ते भोकाड पसरूनच. तशात सुरी हातात धरवून केक कापला जातो आणि आठ दिवसांनी फोटो बघायला आल्यावर ताई विचारतात, "एकाही फोटोत हसत कसं नाही?"

या प्रश्नाचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. बुकिंगच्या आधी आईने आणि आजीने दोघींनी वाचावं ही विनंती.

वेळ बाळाच्या झोपेवरून ठरवा

एक ते दोन वर्षांच्या बाळाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. वर्षाच्या आसपास बहुतेक बाळं दिवसा दोनदा झोपतात; पुढे दीड वर्षापर्यंत हळूहळू दुपारची एकच झोप उरते. संध्याकाळी सातनंतर त्याचा दिवस संपत आलेला असतो. त्यात नवे टोचणारे कपडे, डीजेचा आवाज, पन्नास अनोळखी चेहरे आणि प्रत्येकाला गालगुच्चा घ्यायची घाई. आठ-नऊ महिन्यांपासून बाळ ओळखीचं कोण आणि परकं कोण हे चांगलं ओळखायला लागतं, आणि परक्या हातात गेलं की रडतं. ते हट्टी किंवा रडवं झालेलं नसतं. त्याची समज वाढल्याची ती खूण असते, त्याबद्दल त्याला कोणी रागवू नये.

फोटोसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे बाळ झोपून उठलं, पोटभर खाल्लं, ढेकर दिली, त्यानंतरचा तासभर. बऱ्याच घरी ही वेळ सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये येते. म्हणून बुकिंग करताना आम्ही विचारतो की बाळ सकाळी कधी उठतं, कधी जेवतं, दुपारी कितीला झोपतं. काही जणांना या चौकशा जास्तीच्या वाटतात. पण हॉलचा पत्ता नंतर फोनवर कळला तरी आमचं चालतं, बाळाची झोपेची वेळ आम्हाला आधी कळावी लागते.

आमची पद्धत अशी आहे : वाढदिवसाच्या दिवशी सकाळी पाऊण तास घरी येतो. तेव्हा फक्त बाळ, आई-बाबा आणि आजी-आजोबा. संध्याकाळी दुसऱ्यांदा येतो ते पाहुणे, केक, गर्दी टिपायला. "एका कार्यक्रमाला दोन चकरा कशाला? संध्याकाळी सगळं एकदम उरकून टाका," असं पुष्कळ जण म्हणतात. दोन चकरांत आमचाही वेळ जातो आणि सकाळच्या भागाचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही, पॅकेजमध्येच ते धरलेले आहेत. तरीही आग्रह धरतो, कारण अल्बममधली जी पानं तुम्ही पुढे वर्षानुवर्षं उघडणार आहात ती सकाळचीच असतात. संध्याकाळी बाळ झोपलं तर मग खुशाल झोपू द्या. मामांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं बाळ आणि भोवती सगळं गणगोत, हा फोटोही सुंदर येतो, तो आम्ही काढून देतो.

घरी तिथीही पाळत असाल तर मार्ग आणखी सोपा. तिथीच्या दिवशी सकाळी पाटावर बसवून औक्षण आणि फोटो, तारखेला संध्याकाळी पार्टी. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्यामुळे तिथी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना आला असेल तर मात्र ती तारखेनंतर अडीच-पावणेतीन आठवड्यांनी पडते. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. त्यामुळे अंदाजाने दिवस धरू नका, पंचांग बघून तारीख कळवा.

उजेड, फ्लॅश आणि ऊन

घराच्या खिडकीतून आडवा येणारा सकाळचा उजेड बाळाच्या चेहऱ्यासाठी उत्तम. आम्ही आल्यावर पलंग किंवा सतरंजी खिडकीजवळ ओढून घेतो, त्याचं नवल वाटून घेऊ नका. सजावटीत हल्ली निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या लावतात. मागच्या पडद्यावर त्या छान दिसतात, पण चेहऱ्यावर तो रंग पडला की गाल जांभळे येतात आणि कॉम्प्युटरवर ते पूर्ण सुधारत नाहीत. सजावटवाल्याला पट्ट्या पाठीमागेच लावायला सांगा.

फ्लॅशने डोळे बिघडतात का, हे जवळजवळ प्रत्येक आजी विचारतात. कॅमेऱ्याच्या साध्या फ्लॅशने डोळ्यांना इजा होत नाही. पण बाळ दचकतं, म्हणून आम्ही फ्लॅश छताकडे वळवूनच मारतो.

एप्रिल-मे मधले वाढदिवस असतील तर सकाळी आठलाच सुरुवात करू. जळगावचा पारा चाळीसच्या वर गेल्यावर कूलर असलेल्या खोलीतसुद्धा अकरानंतर बाळ किरकिरं होतं. त्या दिवसांत नेट आणि जरीचा फ्रॉक किंवा शेरवानी फक्त दहा मिनिटं घाला, बाकी वेळ सुती झबलं. झबल्यातले फोटोच पुढे घरच्यांना जास्त आवडतात, असा आमचा अनुभव आहे.

औक्षण, केक आणि फुगे

औक्षणाच्या ताटात बाळ हात घालतंच. ज्योत त्याला नवी असते. ओवाळणारीने ताट हातभर लांब धरावं आणि आईने बाळाचे दोन्ही हात हलकेच धरून ठेवावेत. फोटोत ते हात जोडल्यासारखेच दिसतात. ज्या घरी मेणबत्ती फुंकणं पटत नाही, तिथे केकशेजारी समई किंवा निरांजन लावून घेतात. आम्हाला दोन्ही सारखंच, फक्त आधी सांगा म्हणजे उभं कुठे राहायचं ते ठरवता येतं.

दोन वर्षांखालच्या मुलाला वरून घातलेली साखर देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. केक मोठ्यांनी खावा. बाळाने हात भरवायचेच असतील तर वाटीभर कुस्करलेलं केळं किंवा घरचं दही समोर ठेवा. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून पहिल्या वाढदिवसाला केळं कमी पडणार नाही, आणि तोंडभर माखलेलं केळं फोटोत क्रीमपेक्षा काकणभर सरसच दिसतं.

फुग्यांबाबत मात्र आम्ही कडक आहोत. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा बाळाच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो. शूटिंग चालू असताना फुगा फुटला तर आम्ही कॅमेरा बाजूला ठेवून आधी तुकडे गोळा करतो. पार्टी पॉपर आणि फेसाचा फवारा बाळाच्या तोंडाजवळ मारू नये. तसं चाललेलं असेल तर तो फोटो आम्ही काढत नाही. यावरून एकदोन ठिकाणी नाराजी झाली आहे, तरी ही पद्धत आम्ही बदलणार नाही.

"अजून चालत नाही, मग फोटो कसा?"

पहिल्या वाढदिवसाला पाऊल टाकतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. मग दोन्ही दंडांना धरून बाळाला उभं केलं जातं, पाय लटपटतात, ते खाली बसतं, पुन्हा उचलतात. ताई, एवढी घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला होता, त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. काही मुलं नीट रांगल्याशिवायच चालू लागतात, तेही त्यात दिसलं. शेजारच्या घरचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं म्हणून आपलं मागे पडलं असं होत नाही. दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करेनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमच्याकडे वर्षभराचं 'वाढीचे टप्पे' पॅकेज आहे ते याचसाठी. त्यात तारीख ठरलेली नसते. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, रांगायला लागलं, की फोन करायचा आणि त्या आठवड्यात आम्ही येतो. नवव्या-दहाव्या महिन्यात बाळ अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एकेक बारीक वस्तू उचलायला लागतं. सतरंजीवर सांडलेला मुरमुरा ते कसं टिपतं बघा : मान खाली, ओठ पुढे, सगळा जीव त्या दोन बोटांत आलेला. मुरमुरा तोंडात जायच्या आत आईने काढून घ्यायचा. हा फोटो कोणी मागत नाही, पण आम्ही काढतो आणि तोच मोठा करून भिंतीवर लागतो.

पॅकेज घेणार नसाल तरी घरच्या मोबाइलवर एवढं करा. आजीने शिवलेली एकच गोधडी, एकच खिडकी, एकच अंतर, आणि दर महिन्याला त्यावर बाळाचा वरून एक फोटो. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटरचं बाळ वर्षात ७५ च्या आसपास जातं आणि वजन तिप्पट होतं. गोधडीचे तेच चौकोन प्रत्येक फोटोत असले की ही वाढ नुसत्या डोळ्यांना कळते. त्या बारा फोटोंचं एक पान आम्ही छापून देतो. फोटो बाहेरचे असले तरी हरकत नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवले की बारीक होऊन येतात आणि छपाईत फाटतात.

जाऊळ आधी की फोटो आधी

फोटो आधी. चैत्रात वणीच्या गडावर किंवा धुळ्याला एकवीरेला जाऊळ काढायचं ठरलेलं असतं, आणि वाढदिवस नेमका त्यानंतर आठवड्याने येतो. मग कुरळ्या केसांचा फोटो राहून जातो. पहिलं जाऊळ पुन्हा येत नाही. देवीचा दिवस बदलू नका, आम्हाला गडावर जायच्या आदल्या दोन-चार दिवसांत बोलवा. मामांच्या मांडीवरचा जावळाचा फोटो हवा असेल तर नातेवाइकांपैकी एकाला आधीच नेमा. त्या वेळी सगळेच बाळाला सांभाळायला धावतात आणि मोबाइल खिशातच राहतो.

बोरन्हाण संक्रांत ते रथसप्तमीपर्यंत करता येतं, त्यामुळे सगळ्यांनी संक्रांतीचाच दिवस धरू नये, त्या दिवशी आम्ही एका वेळी एकाच घरी असतो. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने असतील तर खाली पांढरी चादर अंथरा, नाहीतर दागिने उठून दिसत नाहीत. बोरं, उसाचे करवे, मुरमुरे बाळाच्या मागून, डोक्यावर अलगद सोडायचे. समोरून ओतले की डोळ्यांत जातात. शेंगदाणे, हरभरे आणि गोळ्या लहान बाळाच्या ओंजळीत येऊ देऊ नका, त्या घशात अडकतात. त्या मोठ्या मुलांनी वेचाव्यात.

बुकिंगबद्दल

निम्मी रक्कम आगाऊ घेतो, कारण सकाळची वेळ एकाच घरासाठी राखलेली असते. बाळाला ताप असेल किंवा आदल्या दिवशी लस टोचली असेल तर बिनधास्त पुढे ढकला. त्यासाठी पैसे कापत नाही, आठ दिवसांतली दुसरी सकाळ देतो. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून संध्याकाळी थांबावं लागलं, तर मात्र दहानंतरचा आकार वेगळा आहे, तो दरपत्रकात लिहिला आहे.

तुमच्या बाळाचा फोटो दुकानाच्या काचेत किंवा आमच्या इन्स्टाग्रामवर तुमच्या लेखी परवानगीशिवाय लागत नाही. अल्बमची पानं जाड, न फाटणारी घेतो, कारण दीड वर्षाचं झालं की त्या अल्बमचा पहिला वाचक तेच असतं. भुसावळ, अमळनेर, चोपडा, पाचोरा इथे येतो. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.

बुकिंगला येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा : बाळाची उठण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ. आदले चार दिवस पाहून लिहा, आठवून नको.