धुराची पट्टी वेगळी, धुराचा कोटा वेगळा

लग्नाच्या मांडवात पंगतीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या काकांनी मोबाइल पुढे केला. "भाऊ, आते धूरवरबी पट्टी बसनी का?" बातमी भारताच्या कार्बन बाजाराची होती, मथळा 'कार्बन टॅक्स'चा, मजकुरात 'कार्बन क्रेडिट', आणि शेवटच्या ओळीत युरोपचा सीमेवरचा आकार, म्हणजे तिथे जाणाऱ्या मालाच्या धुरावरची आकारणी. बट्टी कुस्करून वर वरण ओतावं तसं सगळं एका ताटात. पंगत बसेपर्यंत काकांना समजावलं. पण हा घोळ महिन्यातून एकदा तरी समोर येतोच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक कबुली. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. 'धूर' हा शब्द मी सोयीसाठी वापरतोय.

पट्टी, म्हणजे कार्बन कर, समजावत बसण्याची गरज नाही. गिरणेच्या पाटाची पाणीपट्टी भरणाऱ्याला तो कळतो. दर आधी जाहीर होतो, केळी लावायची की हरभरा ते तुम्ही ठरवता, बिल त्याप्रमाणे येतं. फिनलंडने १९९० साली असा कर लावला, स्वीडनने १९९१ साली. आपणही वेगळ्या नावाने भरलाय. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. औष्णिक विजेच्या एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीज केंद्रातल्या एका युनिटवर २४ ते २८ पैसे उपकर पडत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उठला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. मला हा बदल पटलेला नाही. उपकर वजनावर होता, आताचा कर किमतीवर आहे. समजा कोळसा १,५०० रुपये टन आहे. त्यावर आधी दोन्ही मिळून ४७५ रुपये पडायचे, आता २७० पडतात. माल जितका हलक्या प्रतीचा आणि राखेचा, तितकी सवलत मोठी. असो.

लोक अडखळतात ते कोट्यापाशी.

कोट्यात सरकार दर ठरवतच नाही. ते ठरवतं की या वर्षी या सगळ्या कारखान्यांनी मिळून एवढाच धूर सोडायचा. तेवढ्याच धुराचे परवाने काढायचे, कारखान्यांना वाटायचे किंवा लिलावात विकायचे. वर्षाअखेरीस जेवढा धूर सोडला तेवढे परवाने जमा करायचे. कमी पडले तर ज्याच्याकडे उरलेत त्याच्याकडून विकत घ्यायचे.

साक्री-धुळ्याकडच्या लोकांना यातला निम्मा भाग आजोबांपासून माहीत आहे. पांझरेच्या बंधाऱ्यांवरची फड पद्धत आठवा. नदीत पाणी किती आहे ते बघून उसाचा फड कोणता, भुसार कुठे, हे सगळे मिळून ठरवायचे, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडायचा. आधी एकूण पाणी, मग वाटणी. पैसे असले म्हणून कुणाला जास्त पाणी काढता येत नसे. फडात पाण्याची खरेदी-विक्री नव्हती, कार्बन बाजारात परवान्यांची आहे. फरक तेवढाच, पण माणूस घसरतो तो तिथेच. "विकता येतो ना? मग हे तर प्रदूषणाचं लायसनच झालं. पैसेवाला घेणार आणि धूर ओकणार." हे वाक्य मी शिकलेल्या माणसांकडूनही इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय.

उत्तर सुरतेत आहे. आपल्याकडचं निम्मं गाव लिंबायत, उधना, डिंडोलीत राहतं, त्यामुळे लांब जायची गरज नाही. माझा मामेभाऊ पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर आहे. २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत चिमणीतून उडणाऱ्या धूलिकणांचा बाजार सुरू केला. कार्बनचा नाही, धूलिकणांचा, पण यंत्रणा तीच. चिमणीवर सतत मोजणारं यंत्र, एकूण धुळीवर मर्यादा, ८० टक्के परवाने फुकट आणि बाकीचे लिलावात. आधीचा नियम वेगळा होता. एक घनमीटर हवेत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, एवढाच. चिमणी चोवीस तास चालली काय, शेजारी दुसरी उभी राहिली काय, नियमाला देणंघेणं नाही. एकूण धूळ कुणी मोजतच नव्हतं.

आता दोन मिली घ्या, आकडे माझ्या मनातले. दोघी रोज १००-१०० किलो धूळ सोडतात. मंडळ म्हणतं, दोघींची मिळून १४०. प्रत्येकीला ७० किलोचे परवाने. पहिल्या मिलीत धूळ गाळणारी नवी बॅग फिल्टर बसवायला जागा आहे, तिला किलोमागे १० रुपये खर्च येतो. दुसरी जुनी, अडचणीची, तिला ६० रुपये. पहिली ६० किलो धूळ कमी करते, ६०० रुपये घालवते आणि उरलेले ३० परवाने ३० रुपये भावाने विकून ९०० मिळवते. दुसरी ९०० देऊन सुटते, नाहीतर स्वतः ३० किलो कमी करायला तिला १,८०० लागले असते. हवेत धूळ किती गेली? ४० आणि १००, म्हणजे १४०. परवाने विकले नसते तरी १४०च. विक्रीने धूळ एक ग्रॅमने वाढली नाही. ती कुठल्या चिमणीतून निघणार आणि साफसफाईचा खर्च कोण सोसणार, एवढंच बदललं. (दुसऱ्या मिलीच्या शेजारी राहणाऱ्याला हे पटणार नाही, आणि धुळीच्या बाबतीत त्याचं रास्त आहे. कार्बन डायऑक्साइडला मात्र गल्ली नसते, तो कुठूनही निघाला तरी आभाळ एकच.)

तरीही शंका असेल तर तिसरी मिल सुरू करून बघा. पट्टी असेल तर तिसरी मिल ठरलेल्या दराने पैसे भरते आणि आपली धूळ सोडते. तिजोरी भरते, धूळ वाढते. कोटा असेल तर परवाने तेच १४०. तिसरीला ते पहिल्या दोघींकडून घ्यावे लागतात, भाव चढतो, धूळ तिथेच राहते. पट्टीत भाव बांधलेला, धूर मोकळा. कोट्यात धूर बांधलेला, भाव मोकळा. दिवाळीत साड्यांच्या ऑर्डरी वाढल्या की मामेभाऊ विचारतो, "परवान्याचा भाव काय म्हणतोय?" पट्टी भरणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही.

सुरतेच्या या प्रयोगाचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातल्या कारखान्यांची धूळ बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी भरली. 'लायसन'वाल्यांनी पांडेसऱ्यात जाऊन बघावं.

भाव मोकळा असण्याचे चटके युरोपने सोसलेत. तिथला कार्बन बाजार २००५ साली सुरू झाला. २००६ च्या एप्रिलमध्ये खऱ्या धुराचे आकडे बाहेर आले आणि परवाने गरजेपेक्षा जास्त काढल्याचं उघड झालं. भाव काही दिवसांत निम्म्यावर आला, २००७ मध्ये शून्याच्या जवळ गेला. त्याच बाजाराने २०२३ च्या फेब्रुवारीत १०० युरो ओलांडले. कापूस घरात भरून भावाची वाट बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उलट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००८ साली टनाला १० डॉलर कर लावला आणि दर वर्षी ५ ने वाढवत २०१२ ला ३० वर नेला. कारखानदाराला चार वर्षांपुढचा दर आधीच माहीत. पण कर बिलात दिसतो, दिसतो म्हणून बोचतो. ग्राहकांवरचा तो कर २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी काढून टाकला.

मला विचाराल तर आपल्याकडे कोळशावर पट्टीच बरी, तीही खाणीच्या तोंडाशी आणि वजनावर. तिथे काटा आधीच आहे. कोट्याला प्रत्येक चिमणीवर काटा लागतो, आणि त्या काट्यावर विश्वास ठेवायला माणसं लागतात.

आता काकांची बातमी. २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झालेली भारताची कार्बन बाजाराची योजना कर नाही, हे तर झालंच. पण ती सुरतेसारखा कोटाही नाही, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्यं दिली गेली. लक्ष्य एकूण धुराचं नाही, एक टन मालामागच्या धुराचं आहे. लक्ष्यापेक्षा खाली आलात तर प्रमाणपत्रं मिळतात, वर राहिलात तर विकत घ्यावी लागतात. समजा एक कारखाना टनामागे ८०० किलो सोडत होता, तो लक्ष्याच्याही खाली, ७६० वर आला. शाबास. पण त्याच वर्षी त्याचं उत्पादन १० लाख टनांवरून १२ लाखांवर गेलं. धूर ८ लाख टनांवरून ९ लाख १२ हजार टनांवर गेला, आणि तरीही प्रमाणपत्रं विकायला तो बाजारात उभा. सुरतेतला तो जुना घनमीटरचा नियम आठवतोय ना? त्याचाच हा भाऊबंद. वाढत्या देशाला ही सवलत हवी, हा युक्तिवाद मला मान्य आहे. फक्त तिला 'उत्सर्जनावर मर्यादा' म्हणू नका, कारण मर्यादा कुठेच घातलेली नाही.

युरोपचा सीमेवरचा आकार लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज आणि हायड्रोजनवर आहे. रावेर-यावलच्या केळीवर नाही, जळगावच्या चटईवरही नाही. आणि बांधावर बांबू लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे खात्यात येतील असं सांगत जो फिरतोय, त्याचं क्रेडिट, म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र, ही या सगळ्याहून तिसरीच वस्तू. काकांनी सही करून ठेवलीय. तेव्हा पंगत बसली होती, म्हणून पुढचं विचारलं नाही.