संगणक आला म्हणजे पालिका सुधारली?

‘चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की पालिकेचा कारभार आपोआप सुधारतो’, हे ठाण्यात चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धवट खरं आहे.

विल्यम डीलोन आणि एफ्रायम मॅकलीन या संशोधकांनी 1992 मध्ये माहिती प्रणालीचं, म्हणजे अशा संगणकीय यंत्रणेचं, यश मोजायचं एक प्रारूप मांडलं. त्यात यंत्रणेचा दर्जा ही फक्त एक बाजू. नोंदी अचूक आहेत का, लोक यंत्रणा वापरतात का, वापरून समाधानी आहेत का, हेही त्यात येतं. 2003 मध्ये त्यांनी सेवेचा दर्जाही जोडला.

मालमत्ता कराचंच बघा. फ्लॅट विकला, पण नोंदीत नाव जुन्याच मालकाचं राहिलं, तर ॲप चुकीच्याच नावाचं बिल दाखवणार. फक्त जास्त वेगाने! अर्ज ऑनलाइन घेऊन त्याची प्रिंट काढायची आणि तीच नस्ती पुन्हा टेबलाटेबलावर फिरवायची, तर वाचली ती फक्त आपली रांग. खरी मेहनत नोंदी दुरुस्त करण्यात, सह्यांची साखळी तोडण्यात आणि खिडकीमागच्या कारकुनाला नीट शिकवण्यात आहे. त्याचं उद्घाटन मात्र कुणी करत नाही.