भित्रेपणा म्हणून सोडून दिलेला आजार

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात सापाला भिणं हा शहाणपणाच. पण पुस्तकातलं सापाचं चित्र दिसताच जो पुस्तक मिटतो, पावसाळाभर परसात पाऊल टाकत नाही आणि त्यापायी शेतीची कामंही सोडून देतो, त्याची गोष्ट वेगळी. तो फोबिया, म्हणजे धोक्याच्या मानाने अवाजवी आणि रोजचं जगणं अडवणारी भीती. अशाला आपण एकतर भित्रा म्हणतो, नाहीतर 'धसका घेतलाय' म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकतो. घरच्यांना दोष तरी कसा द्यावा? हा फरक मांडायला डॉक्टरांनाही फार काळ लागला.

नोंदी तशा जुन्या आहेत. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटसच्या नावावरच्या ग्रंथांत निकानोर नावाचा रुग्ण भेटतो. रात्रीच्या मेजवानीत बासरी वाजली की त्याचा थरकाप होई, दिवसा तीच बासरी तो निवांत ऐके. (सुश्रुतसंहितेतला 'जलत्रास' मात्र या यादीत ओढू नये, ते पिसाळलेलं जनावर चावल्यानंतरचं लक्षण आहे.)

1871 मध्ये बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. भीतीला कारण नाही हे त्या रुग्णांना पक्कं ठाऊक होतं, तरी पाय उचलत नसे. फोबियाची खरी खूण हीच. पुढे मात्र नावं ठेवण्याची हौस सुरू झाली. 1914 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी शंभरावर फोबियांची यादी केली. असल्या याद्या आजही मोबाइलवर फिरतात, पण त्यांतून उपचार काही निघत नाही.

भीती शिकवता येते, हे 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी एका तान्ह्या मुलावर दाखवलं: पांढरा उंदीर समोर आला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटायचा, मग नुसत्या उंदरालाही मूल भिऊ लागलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी उलट वाट दाखवली. सशाला भिणाऱ्या पीटरला आवडीचं खायला देत देत त्यांनी ससा हळूहळू जवळ आणला.

भीती टिकते कशी, हे मात्र मानसशास्त्रज्ञ मावरर यांच्या 1947 च्या मांडणीतून नीट उमगतं. लोंढ्याहून गोव्याकडे उतरणाऱ्या रेल्वेत बोगद्यांनी जीव गुदमरतो, म्हणून एखादा चोर्ल्याच्या घाटाने बसने जातो. तिकीट बदलताच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या खेपेची भीती पोसतं. बोगद्यात काही होत नाही, हे कळायची वेळच येत नाही.

सगळेच फोबिया शिकवलेले असतात असंही नाही. महामार्गावर रोज अपघात होतात, पण दुचाकीचा फोबिया क्वचित, साप-कोळ्यांचा घरोघरी. माणसाचं मन काही जुन्या धोक्यांसाठी आधीच तयार असतं, असं मानसशास्त्रज्ञ सेलिगमन यांनी 1971 मध्ये मांडलं.

फोबियांच्या वर्गवारीला वळण दिलं ते मार्क्स आणि गेल्डर या मनोविकारतज्ज्ञांनी. भीती कशाची यापेक्षा ती कोणत्या वयात जडते, हे त्यांनी 1966 मध्ये पाहिलं. प्राण्यांची लहानपणी, चारचौघांत बोलण्याची बहुधा वयात येताना, गर्दीची किंवा घराबाहेर पडण्याची तरुणपणी. 1980 च्या अमेरिकी मनोविकार-निदानपुस्तिकेत हेच तीन गट आले. नंतर विशिष्ट वस्तू-प्रसंगांच्या भीतीचे प्राणी, निसर्ग, रक्त-सुई-जखम, प्रसंग आणि इतर असे पोटप्रकार झाले.

त्यातला रक्ताचा प्रकार जगावेगळा. इतर फोबियांत छाती धडधडत राहते. इथे नाडी आणि रक्तदाब आधी चढतात, मग झपाट्याने उतरतात आणि माणूस खरोखर कोसळतो. म्हणून त्याला 'अंग सैल सोड' सांगणं चुकीचं. हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवावं लागतं. ही पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओस्ट यांनी रुळवली.

आपल्या भागात अडतं ते धारवाडच्या नावाशी. तिथलं मनोरुग्णालय 1845 पासूनचं, त्यामुळे 'धारवाडला दाखवू' म्हटलं की घरात शांतता पसरते. पण एखाद्याच गोष्टीच्या फोबियाला सहसा भरती व्हावं लागत नाही. भीतीच्या पायऱ्या ठरवून, धीर देत एकेक चढवायच्या असतात. ओस्ट यांनी तर 1989 मध्ये तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीची पद्धत मांडली. त्या पायऱ्या रुग्णानेच बोलून सांगायच्या असल्याने मराठी समजणारा समुपदेशक बेळगावातच मिळाला, तर पहिली चौकशी तिथे करावी.